नागपूरच्या तलावांकाठी माउंटन बाइक कशी चालवावी

तलावाच्या काठाची वाट डोंगरातल्या वाटेप्रमाणे एका जागी बसून राहत नाही. पावसाळा सरताना पाणी जिथवर पोचलेले असते तिथून ते दिवाळीनंतर हळूहळू मागे हटते, उन्हाळ्याच्या तोंडाशी काठावर जमिनीचा एक नवा पट्टा उघडा पडतो, आणि गुरे, मासेमार व सायकलस्वार त्या पट्ट्यावर दरवर्षी नव्याने वाट पाडतात. त्यामुळे गेल्या डिसेंबरात सुरळीत पार केलेली वाट या मार्चमध्ये तशीच असेल, असे समजून कोणी निघाला तर त्याची फसगत ठरलेली आहे. सायकल कोणती, गिअर किती, टायर कोणत्या कंपनीचे, यांवर नवे सायकलस्वार पुष्कळ वेळ घालवतात. माझ्या मते नागपूर परिसरात त्याहून महत्त्वाचे कौशल्य एकच आहे, आणि ते म्हणजे चाकाखाली येणारी माती पंधरा पावले आधी ओळखणे.

आधी जागेविषयी. अंबाझरी तलावाच्या पश्चिमेकडील वनविभागाचे जैवविविधता उद्यान हे शिकण्यासाठी शहराजवळचे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. तिथे दारावर शुल्क भरून आत जावे लागते, फलकावर लिहिलेल्या वेळेतच फिरता येते, आणि सायकलीसाठी मोकळ्या असलेल्या वाटा सोडून गवतात शिरण्यास मनाई आहे असेच धरून चालावे. हिंगण्याच्या पुढचा झिलपी तलाव अधिक मोकळा आहे, तिथे पांधण रस्ते आणि काठाच्या पायवाटा एकमेकांत मिसळलेल्या दिसतात. रामटेकजवळचा खिंडसी तलाव शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असल्याने सायकल गाडीवर लादून नेणे शहाणपणाचे ठरते. फुटाळ्याचा काठ आता चौपाटी झालेला आहे, तिथे माउंटन बाइकचे काम नाही. गोरेवाड्याच्या जंगलात मात्र परवानगीशिवाय सायकल घालू नये. तलाव शहराला लागून असला तरी भोवतालच्या जंगलात बिबटे राहतात, आणि खाली वाकून एकटा जाणारा सायकलस्वार बिबट्याच्या नजरेला उभ्या माणसापेक्षा लहान दिसतो.

नागपूरचा पश्चिम भाग दख्खनच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे, आणि हा खडक झिजून दोन गोष्टी तयार होतात: उंचवट्यावर मुरूम आणि सखल भागात काळी माती. तलाव सखल जागी असतो, म्हणून कोणत्याही काठावर पाण्यापासून वर जाताना साधारण तीन पट्टे लागतात. पाण्यालगत गाळ, त्याच्या वर काळी माती, आणि त्याच्याही वर मुरूम. खिंडसीकडे गेल्यावर खडक बदलतो, माती तांबूस होते आणि गारगोटीचे धारदार तुकडे वाटेवर पसरलेले असतात. तिथे टायरच्या बाजूच्या भिंती चिरण्याची भीती काट्यापेक्षा मोठी असते.

मुरूम हा या तिन्हींतला मित्र आहे, पण बेभरवशाचा. दाबून घट्ट झालेल्या मुरमावर चाक डांबरी रस्त्यासारखे पळते. त्याच मुरमावर सुटे खडे पसरले की ते फरशीवर सांडलेल्या ज्वारीसारखे वागतात. अशा ठिकाणी वळणाच्या आत ब्रेक दाबला तर पुढचे चाक बाजूला निसटते आणि सायकलस्वार खांद्यावर पडतो. म्हणून वेग जो कमी करायचा तो वळण सुरू होण्याआधी, सरळ रेषेत असतानाच कमी करावा, वळणात दोन्ही ब्रेक सोडून द्यावेत, बाहेरच्या बाजूचे पॅडल खाली ठेवून त्यावर वजन टाकावे, आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. डोळे जिकडे जातात तिकडे सायकल जाते, हे वाचायला साधे वाटते. पण दगडाला घाबरून त्याच्याकडे टक लावून पाहणारा नवखा त्याच दगडावर जाऊन आदळतो, हे मी स्वतःच्या बाबतीत तीन वेळा तरी अनुभवले आहे.

काळ्या मातीविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण पुण्या-मुंबईच्या सायकलस्वारांनी दिलेला सल्ला इथे अपुरा पडतो. या मातीतील चिकण खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळताना आकसतात, म्हणून उन्हाळ्यात तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. भेग वाटेच्या दिशेनेच धावत असेल तर चाक तिच्यात अडकून रुळावर चढल्यासारखे होते आणि हँडल वळेनासे होते. म्हणून भेगा नेहमी काटकोनाच्या जवळपास ओलांडाव्यात. ओल्या काळ्या मातीचा त्रास वेगळाच आहे. ती टायरला चिकटते, त्यावर मुरूम आणि वाळके गवत चिकटते, आणि शंभर पावलांच्या आत टायर व चाक धरून ठेवणारा चिमटा यांच्यामधली मोकळी जागा भरून चाक फिरायचे थांबते. या क्षणी जोर लावून पॅडल मारणे ही सर्वांत महागडी चूक होय, कारण मागे गिअर बदलणारा डिरेलर चिखलाने ओढला जाऊन चाकाच्या आऱ्यांत जातो आणि त्याला सायकलीच्या सांगाड्याशी जोडणारा हँगर तुटतो. दोन वर्षांपूर्वी झिलपीच्या काठावर मी हेच केले आणि उरलेले सहा किलोमीटर सायकल खांद्यावर घेऊन चाललो. चिखल लागल्याबरोबर उतरावे, काडीने किंवा चपट्या दगडाने माती काढावी, आणि सायकल उचलून गवताच्या भागात न्यावी. ढकलत नेल्यास चाके पुन्हा भरतात.

गाळाचा पट्टा दिसायला सर्वांत मोहक असतो. पाणी हटल्यावर तो सपाट, गुळगुळीत आणि वरून वाळलेला दिसतो, कुठे कुठे शेतकऱ्यांनी त्यावर गाळपेर केलेली असते, आणि पाण्याशेजारून सायकल पळवण्याचा मोह आवरत नाही. वरचे कवच दोन बोटे वाळलेले आणि आत दही, अशी त्याची स्थिती असते. ओळखण्याच्या खुणा सांगता येतात: बगळ्याच्या पायाचे ठसे खोल उमटलेले असतील, गुरांच्या खुरांच्या खळग्यांत पाणी साचलेले असेल, किंवा बेशरमीची हिरवी झुडपे आणि पानकणीस जवळ असेल, तर तिथून चाक नेऊ नये. गुरांच्या खुरांचे ठसे कडक वाळून त्यांच्या कडा ठिसूळ झालेल्या असतील तर जमीन वजन पेलते, मात्र त्यावरून जाताना दात हलतात. गाळपेर केलेल्या जागेतून सायकल घालणे हे कोणाच्या तरी ताटातून चालण्यासारखे आहे. तिथे वळसा घ्यावा.

सायकलीची तयारी

नव्या सायकलस्वाराला सर्वांत जास्त फरक टायरमधील हवेने पडतो, आणि तीच गोष्ट बहुधा चुकलेली असते. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला सवयीने टायर दगडासारखे घट्ट भरून देतो. अशा टायरवर सायकल प्रत्येक गोट्यावरून उडते आणि चाकाची पकड राहत नाही. सव्वादोन इंच रुंदीचे टायर आणि सत्तर किलोच्या आसपास वजन असेल तर ट्यूब असलेल्या पुढच्या चाकात २८ ते ३० पीएसआय (पंपावर दिसणारे हवेच्या दाबाचे माप) व मागच्यात त्याहून दोन-तीन पीएसआय अधिक, इथून सुरुवात करावी आणि टायरच्या भिंतीवर छापलेली किमान-कमाल मर्यादा ओलांडू नये. हवा फार कमी झाली तर दगडावर आदळताना ट्यूब रिमवर चिमटून तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. अशी जोडी दिसली की काटा शोधत बसू नये, हवा वाढवावी.

काटे मात्र शोधावेच लागतात. बाभूळ, विलायती बाभूळ, बोर आणि जमिनीवर पसरणारा सराटा ही चौकडी इथल्या प्रत्येक काठावर हजर असते. सराट्याचे फळ कोणत्याही बाजूने पडले तरी त्याचा एखादा काटा वरच राहतो, आणि ऑक्टोबरनंतर ते वाळून वाटभर विखुरते. ट्यूबलेस टायरमध्ये सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, भरणे हा यावरचा उत्तम उपाय आहे. ट्यूबच वापरायची असेल तर ट्यूबमध्ये घालायचे सीलंटही मिळते. तरीही एक सुटी ट्यूब, दोन टायर लिव्हर, पॅच, हातपंप, चेन जोडण्याचा दुवा आणि षटकोनी किल्ल्यांचा संच पिशवीत असावा, आणि हे सामान वापरण्याचा सराव घरच्या अंगणात झालेला असावा. नवी ट्यूब घालण्यापूर्वी टायरच्या आतून रुमाल फिरवावा, कारण आत राहिलेला काटा बोटाला सापडण्याआधी कापडाला अडकतो.

सीटची उंची रस्त्यावरच्या सवयीपेक्षा एक-दोन बोटे खाली घ्यावी, म्हणजे उतारावर शरीर मागे नेताना ती पोटात रुतत नाही. पुढे शॉक असेल तर सायकलवर बसल्यावर तो जास्तीत जास्त जितका दबू शकतो त्याच्या पाव भागाइतका दबेल अशी हवा ठेवावी. दोन्ही ब्रेक तपासावेत, आणि कोणता हात कोणत्या चाकाचा आहे हे निश्चित करून घ्यावे; आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, परंतु बाहेरून आलेल्या सायकलीत ते उलट असू शकते आणि हे कळण्यासाठी उतार ही योग्य जागा नाही. हेल्मेट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे यांविषयी वाद घालू नये.

वाटेवर

सपाट वाटेवर बसून चालवावे. जमीन खडबडीत झाली की उठावे. दोन्ही पॅडल जमिनीला समांतर, गुडघे व कोपरे किंचित वाकलेले, टाचा थोड्या खाली, छाती हँडलच्या दिशेने झुकलेली, आणि ब्रेकच्या दांडीवर प्रत्येक हाताचे एकच बोट: कुस्तीतल्या पवित्र्याप्रमाणे हा पवित्रा अंगात मुरला पाहिजे. वजन हातांवर न येता पायांवर आले आहे की नाही, हे हँडलवरील पकड क्षणभर सैल करून पाहता येते. शरीर पुढे कोसळत असेल तर वजन चुकीच्या जागी आहे. ब्रेक एकदम आवळण्याऐवजी हळूहळू वाढवत दाबावा. थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेकच करतो, त्याला घाबरून केवळ मागचा दाबणारा सायकलस्वार मुरमावर घसरत जातो आणि पावसाळ्यात जिथून पाणी वाहील अशी चरही पाडून ठेवतो.

चढावर गिअर आधी हलका करावा, कारण चढाच्या मध्यात जोर लावून बदललेला गिअर चेन पाडतो. सीटच्या पुढच्या टोकावर सरकून कोपरे खाली घ्यावेत. पुढचे चाक उचलत असेल तर छाती अजून खाली न्यावी, मागचे चाक फिरून घसरत असेल तर किंचित मागे बसावे. या दोहोंमधली जागा पुस्तकातून सापडत नाही, अंबाझरीच्या मागच्या टेकाडांवर दहा वेळा उतरून चढल्यावर सापडते.

आता दिशेची गोष्ट, जी मी अनेकांना सांगतो आणि जिच्यावर लोक आधी हसतात. काठाच्या अरुंद, पाण्याकडे कललेल्या वाटेवर शिकताना देवळाच्या प्रदक्षिणेप्रमाणे पाणी उजव्या हाताला ठेवावे. कारण भाविकतेचे नाही. आपण लहानपणापासून सायकलवरून डावीकडे उतरतो, तोल गेला की डावा पाय आपोआप जमीन शोधतो, आणि पाणी उजवीकडे असताना डावीकडे चढाची, म्हणजे उंच आणि जवळची जमीन मिळते. शिवाय सायकल डावीकडे पडली तर उजव्या बाजूचा डिरेलर दगडावर आपटत नाही. अंबाझरीच्या उद्यानात संपूर्ण तलावाला फेरी मारता येत नाही, ज्या वाटेने जावे तिनेच परतावे लागते. त्यामुळे एका खेपेला पाणी डावीकडे येणारच. ती खेप वेग कमी ठेवून करावी, अरुंद जागी उतरून उजव्या बाजूने सायकल ढकलावी, आणि अशा कललेल्या वाटेवर पाण्याच्या बाजूचे पॅडल खाली ठेवून सायकल किंचित चढाकडे झुकू द्यावी, म्हणजे वरचे पॅडल दरडीला घासत नाही.

सकाळच्या उन्हाचाही विचार व्हावा. अंबाझरीची पाळ पूर्वेला आणि उद्यान पश्चिमेला असल्यामुळे सकाळी काठाकडे तोंड करून येताना सूर्य समोर असतो आणि पाण्यावरून परावर्तित होऊन दुसऱ्यांदा डोळ्यांत येतो. झाडीतून अचानक उघड्यावर येणाऱ्या वळणाआधी वेग कमी करून डोळे स्थिरावू द्यावेत; हलक्या रंगाचा चश्मा याला पुरतो, काळा चश्मा सावलीत खड्डे लपवतो.

तलावाला मिळणारे नाले ओलांडताना आधी उतरून तळ पाहावा. पाणी घोट्याच्या वर असेल, किंवा वाहताना त्याचा तळ दिसत नसेल, तर चालतच जावे. गोट्यांचा तळ असलेला उथळ नाला मध्यम गिअरमध्ये, वेग एकसारखा ठेवून आणि पॅडल न थांबवता सरळ रेषेत पार करावा. मध्येच हँडल वळवले की गोटा सरकतो. पलीकडे गेल्यावर ओले ब्रेक लगेच धरत नाहीत, म्हणून दोन-तीनदा हलके दाबून ते सुकवावेत. सांडव्याच्या वाटेने पावसाळ्यात कधीही जाऊ नये. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसात अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले, हे पाहिलेल्या शहराला याचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

पायवाट आपल्या एकट्याची नसते. गुरांचा कळप समोर आला तर थांबावे, गुराख्याला आवाज द्यावा आणि तो सांगेल त्या बाजूने जावे. म्हशी घंटीला दचकत नाहीत, पण मधोमध घुसलेल्या सायकलीला दचकतात. उन्हाळ्यात काठाच्या खड्यांमध्ये टिटवीची अंडी उघड्यावरच असतात आणि त्यांचा रंग खड्यांसारखाच असतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की तिचे घर जवळ आहे असे समजून मूळ वाटेवर परत यावे. झाडावर आग्यामोहोळ दिसले तर बोलणे बंद करून संथपणे पुढे निघून जावे. साप दिसला तर त्याला जाऊ द्यावे. परड, म्हणजे घोणस, ही वाळल्या पानांत जवळजवळ अदृश्य असते, म्हणून पंक्चर काढायला बसताना गवत टाळून मोकळ्या मुरमावर बसावे. दंश झालाच तर धावू नये, बांधू नये, कापू नये. पाय स्थिर ठेवून १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि मेडिकल किंवा मेयो हे सरकारी रुग्णालय गाठावे. एकट्याने जाणार असाल तर कोणत्या तलावावर, कोणत्या दारातून आणि किती वाजेपर्यंत, हे घरी सांगून निघावे.

हंगामाविषयी थोडक्यात: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चमध्ये पळस फुललेला असतो, वाटही कोरडी असते, पण नऊनंतर ऊन टोचते. एप्रिल-मे महिन्यांत उजाडताच निघून आठच्या आत परतावे. २३ मे २०१३ रोजी या शहराने ४७.९ अंश सेल्सिअस तापमान पाहिले आहे, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या दिवसांत, काठावर बसून विश्रांती घेण्याचा विचारही करू नये. उन्हाळ्यात तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते, त्यात लिंबू, मीठ, साखर असलेली एक बाटली वेगळी ठेवावी. तलावाचे पाणी पिऊ नये आणि तोंड धुण्यासाठीही गाळाच्या कडेवर उतरू नये. पोहायला उतरून बुडालेल्या तरुणांच्या बातम्या नागपूरकरांना नवीन नाहीत. जून ते सप्टेंबर काळ्या मातीच्या वाटा सोडून द्याव्यात, कारण ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी नंतर सिमेंटसारखी वाळते आणि पुढचा सगळा हिवाळा इतरांना छळते. मोठा पाऊस थांबल्यावर मुरमाची वाट एका दिवसात चालण्याजोगी होते. काळ्या मातीला कडक उन्हाचे चार-पाच दिवस द्यावेत.

परतल्यावर तर्री-पोहे खाण्याआधी सायकलकडे पाहावे, असे सांगण्याचा धीर होत नाही; निदान त्यानंतर लगेच पाहावे. ओली काळी माती बादलीभर पाण्याने आणि ब्रशने सहज निघते, वाळल्यावर खरवडावी लागते. गाड्या धुण्याच्या केंद्रातील जोरदार फवारा मारून घेऊ नये, कारण ते पाणी चाकांच्या व पॅडलच्या बेअरिंगमधील ग्रीस काढून टाकते. चेन पुसून, सुकवून, प्रत्येक दुव्यावर एक थेंब तेल सोडावे आणि वरचे जादा तेल पुसून घ्यावे, नाही तर पुढच्या फेरीत त्यावर धुळीचा लगदा जमतो. डिस्क ब्रेकच्या तबकडीला तेलाचे बोट लागू देऊ नये. शेवटी चाक सावकाश फिरवत टायरवर बोट न फिरवता नजर फिरवावी आणि रुतलेले काटे चिमट्याने काढावेत, मात्र सीलंट नसलेल्या टायरमधला काटा काढताना पॅच जवळ ठेवावा. बाभळीचा मोडलेला काटा कित्येकदा छिद्र बुजवून बसलेला असतो, आणि घरी परतताना टणक वाटलेले चाक दुसऱ्या दिवशी पहाटे रिमवर बसलेले सापडते.